आठ वेळा मॅट्रिकला बसलेले माझे दाजी

इंग्रजी भाषेचा जेवढा मान माझ्या दाजींनी ठेवला, तेवढा खुद्द इंग्रजांनी तरी ठेवला असेल की नाही, याची मला शंका आहे. इंग्रज माणूस ती भाषा बोलतो, तिच्यात भांडतो, तिच्यात कुत्र्याला हाक मारतो. घरचीच भाषा, तिचा धाक तो काय बाळगणार? दाजी मात्र इंग्रजी वाक्य समोर आले की आधी टोपी नीट करीत, सदऱ्याची वरची गुंडी लावीत आणि मगच पहिला शब्द वाचीत. मी वैरागहून शिकायला सोलापूरला आलो तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. पहिल्याच दिवशी दाजींना घाईघाईने गुंडी लावताना पाहिले आणि मला वाटले, कोणी बडे पाहुणे येताहेत. पाहुणे कोणी आले नाहीत. दाजींनी काडेपेटीवरचा मजकूर वाचला, गुंडी काढली आणि चूल पेटवायला काडेपेटी आत दिली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. एका सूतगिरणीच्या फाटकावर हजेरी कारकून होते. उंच, वाळके, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि उजव्या कानावर लाल पेन्सिल. पस्तिशी केव्हाच उलटून गेली होती. मी मॅट्रिकच्या वर्गात पोचेतोवर ते त्या परीक्षेला सात वेळा बसले होते. हे वाचून कोणी हसू नये. त्या काळी एका विषयात गेलात की सगळेच विषय पुन्हा द्यावे लागत. त्यामुळे दाजी इतिहासात सात वेळा पास झाले होते, भूगोलात सात वेळा, गणितात सात वेळा. एवढे पास झालेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. जात ते फक्त इंग्रजीत, आणि तेसुद्धा थोडक्यात.

पहाटेचा भोंगा झाला की दाजी न्हाणीत शिरत, आणि न्हाणीतून क्रियापदांचा घोष सुरू होई. त्यांची रीत अशी, की प्रत्येक क्रियापदाची तीन रूपे आणि प्रत्येक रूपाला एक तांब्या. 'गो' म्हणून पहिला तांब्या डोक्यावर, 'वेंट' म्हणून दुसरा, 'गॉन' म्हणून तिसरा. एखादे रूप चुकले तर तीनही तांबे पुन्हा. पौषातल्या थंडीत मी अंथरुणात पडून ऐकत असे, आणि एखाद्या अवघड क्रियापदापाशी दाजी अडखळले की माझ्याच अंगावर काटा येई. अक्का पाणी भरणारी. तिने ती क्रियापदे कधी शिकली नव्हती, पण पाण्याचा हिशेब तिला पक्का ठाऊक होता. उन्हाळ्यात विहीर आटू लागली की ती न्हाणीच्या दाराशी जाऊन ओरडे, "ऐकलं का, आज पाणी न्हाय. आठ क्रियापदांत आटपा!" आणि दाजी आतून म्हणत, "बरं, सोपी सोपी घेतो."

न्हाऊन, लिंगपूजा आटोपून ते बाहेर आले की बोलण्याचा सराव सुरू. कोणी काही सांगितले की ते सरळ उत्तर देत नसत; आधी ते सांगणे तिऱ्हाइताच्या तोंडून सांगितल्यासारखे फिरवून घेत. अक्का म्हणे, "गूळ संपला." दाजी भिंतीकडे पाहून म्हणत, "तिनं असं सांगितलं, की गूळ संपला होता." अक्का म्हणे, "तिनं न्हवं, मी सांगतीय. हितंच उभी हाय मी." दाजी म्हणत, "ती पुढं असंही म्हणाली, की ती तिथंच उभी होती." तिथे अक्का कानडीत जे म्हणे त्याचे रूपांतर करण्याच्या फंदात दाजी पडत नसत. गिरणीच्या फाटकावरही हाच प्रकार. माणसे आत येत आणि दाजी हजेरीपट घेऊन त्यांचे व्याकरण चालवीत. "काशिनाथ. विशेषनाम, पुल्लिंगी, एकवचनी, गैरहजर." गिरणीत दोनतीन हजार माणसे असतील, दाजींनी एकाची हजेरी चुकवली असे मी कधी ऐकले नाही. कामगार त्यांना 'मास्तर' म्हणत. ते मास्तर नव्हते, आणि ही हाक ऐकली की ते हजेरीपटात मान घालीत, हे माझ्या तेव्हा लक्षात आले होते. का, ते पुढे कळले.

पण दाजींचे खरे दैवत म्हणजे उतारा. परीक्षेत न वाचलेला एक उतारा देतात, त्याखाली प्रश्न असतात, आणि उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहा अशी सूचना असते. दाजींच्या दृष्टीने सोलापूर शहरात जेथे जेथे इंग्रजी अक्षर होते, तो उताराच होता, आणि प्रत्येक उताऱ्याखाली पाच प्रश्न असायलाच हवेत. ते नसले तर दाजी घालीत. मला हिवताप आला तेव्हा डॉक्टरांकडून बाटली आली. बाटलीवर लिहिले होते की औषध घेण्यापूर्वी नीट हलवावे. दाजी उशाशी बसले, गुंडी लावली, आणि म्हणाले, "प्रश्न पहिला. काय हलवायचं? प्रश्न दुसरा. कधी? प्रश्न तिसरा. न हलवल्यास काय होईल, असं तुला वाटतं?" मी कण्हत होतो. अक्का आतून धावत आली. "आदी औषद पाजा त्याला! जगला तर सांगंल की उत्तरं!" दाजी म्हणाले, "तिसऱ्याचं उत्तर उताऱ्यात नाही, विचार करून द्यायचंय, म्हणून म्हटलं तापात बरं." मी विचार करून उत्तर दिले आणि मग मला औषध मिळाले.

एकदा आम्ही तिघे लग्नाला निघालो. होटगीला गाडी थांबली, दाजी पाणी आणायला उतरले, आणि फलाटावर त्यांना एक नवी पाटी दिसली. रेल्वेच्या हद्दीत कोणी विनाकारण उभे राहू नये, अशा अर्थाचा चांगला आठ ओळींचा मजकूर होता. दाजी तिच्यापुढे उभे राहिले. तांब्या हातात, ओठ हलताहेत. गार्डाने शिट्टी दिली, मी दारातून ओरडलो, "दाजी! दाजी!" गाडी हलली. दाजींनी हात वर केला; मला वाटले निरोप घेताहेत, पण ती चार बोटे होती, चार प्रश्न झाले होते आणि पाचवा चालू होता. अक्का खिडकीतून शांतपणे बघत होती. म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्यांला. उत्तरं झाली की येत्याल चालत." आणि ते खरोखरच चालत आले, अक्षता पडून गेल्यावर, धुळीने माखून, आणि नवरदेवाच्या बापाला म्हणाले की मजकूर उत्तम आहे, फक्त शेवटचे वाक्य लांब झाले आहे.

तारा वाचायला सारी गल्ली त्यांच्याकडे येई. शेजारच्या विणकरांची नरसम्मा एकदा तार घेऊन धावत आली; तिची लेक भिवंडीला बाळंतपणाची होती. दाजींनी गुंडी लावली, तार एकदा वाचली. "काय हाय वो अण्णा?" दाजींनी बोट वर केले. "घाई नको, बाई. उतारा दोनदा वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं." तार चार शब्दांची. दाजींनी ती दुसऱ्यांदा वाचली. नरसम्मा उंबऱ्यावर मटकन बसली. दाजी म्हणाले, "आधी मथळा देतो, मग सारांश. मथळा, 'मुलगा झाला'." नरसम्मा रडू लागली, हसू लागली. "सारांश, मुलगा झाला, दोघं सुखरूप." लोकांनी याची थट्टा करावी, तर कोणी करीत नसे. सबंध पेठेत इंग्रजी येणारे दुसरे चारपाच जण होते, पण तार दाजींकडेच येई, कारण त्यांनी एकही तार कधी चुकीची वाचली नव्हती.

आणि उताऱ्यातली माणसे! आम्ही उतारे सोडवतो आणि विसरतो. दाजींना ते जमत नसे. एका उताऱ्यात कोणी प्रवासी बर्फात अडकला होता आणि उतारा तेथेच संपत होता. चार दिवस दाजींचे जेवणात लक्ष नव्हते. सोलापूरच्या माणसाने बर्फ पाहिलेले नसते. दाजींनी फार तर सरबताच्या गाडीवरचे पाहिले असेल. पाचव्या दिवशी अक्काने भीतभीत विचारले, "कुनाचं काय वाईट कळलं का?" दाजी म्हणाले, "एक जण अडकलाय गं. लई थंडी आहे तिथं." अक्काने तासभर आप्तांपैकी कोण कुठे थंडीत आहे याचा विचार केला, आणि मला एकीकडे घेऊन विचारले. मी खरे सांगितले. ती हसली नाही. म्हणाली, "सुटंल म्हणावं त्यो." आणि दाजी त्या दिवशी पोटभर जेवले.

मग दाजी नापास कसे होत? मला हा प्रश्न तेव्हाही पडे. त्याचे उत्तर एका सूचनेत होते. 'उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहा', ही ती सूचना. आपण सगळे ती वाचतो आणि पुढे जातो. दाजींनी ती शपथेसारखी घेतली होती. उताऱ्यात जो शब्द एकदा येऊन गेला, तो त्यांच्या मते लेखकाचा झाला. उत्तरात त्याला हात लावणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून भांडे उचलणे. मी एकदा उत्तरात 'घोडा' लिहिले. लाल पेन्सिल कानावरून खाली आली. "हा कुणाचा घोडा?" मी म्हटले, "दाजी, उताऱ्यातला." "म्हणजे त्या लेखकाचा. त्याचा घोडा त्याला परत कर. आपला आपण आणावा." मग आपला घोडा आणायचा म्हणजे 'माणसाला पाठीवर वाहून नेणारे चार पायांचे जनावर'. तेही 'जनावर' उताऱ्यात नसले तर. राजा असला तर 'मुकुट घालून देश सांभाळणारे गृहस्थ'. नदी असली तर 'समुद्राकडे निघालेले लांबट पाणी'. त्यांच्या उत्तरात ते मुकुटवाले गृहस्थ त्या लांबट पाण्याकाठी त्या चार पायांच्या वाहनावरून उतरत, आणि परीक्षक बिचारा कोण कुठे उतरले याचा शोध घेत बसे. पण माझा तेव्हा विश्वास होता, आणि आजही आहे, की याला जो व्यासंग लागतो तो आमच्या हेडमास्तरांपाशीही नव्हता. एकेका शब्दाला दाजींजवळ सहासहा पर्याय होते, वह्यांच्या वह्या भरलेल्या. फक्त वेळ पुरत नसे. पेपरातल्या सहा प्रश्नांपैकी तीन, फार तर चार होत, आणि घंटा वाजे.

आठव्या वर्षी दाजी आणि मी एकाच मार्चमध्ये परीक्षेला बसणार होतो. आणि त्या वर्षी नुसत्या परीक्षेपुरती गोष्ट नव्हती. शहरातल्या एका खासगी शाळेचे वृद्ध हेडमास्तर दाजींचे फॉर्म दर वर्षी सही करून देत. त्यांनी दाजींना सांगितले होते, "यंदा मॅट्रिक व्हा. जूनपासून पाचवीचा इंग्रजीचा वर्ग तुमचा. पण मी जूनअखेर जातोय. नवे येतील ते तुम्हांला ओळखणार नाहीत. यंदाचं यंदाच." गिरणीच्या फाटकावर उभे राहून दाजींनी सोळा वर्षे कशाची वाट पाहिली होती, ते मला त्या दिवशी कळले. एका रविवारी हेडमास्तरांनी वर्गाची किल्ली दिली आणि दाजी मला बरोबर घेऊन गेले. बाके रिकामी. दाजींनी फळ्यावर एक वाक्य लिहिले. त्या अक्षराला खरोखर दृष्ट लागावी. मग वळून रिकाम्या बाकांना एक प्रश्न विचारला, आणि थांबले. एखाद्या मुलाला विचार करायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ थांबले. मग तिसऱ्या बाकाकडे पाहून हलकेच म्हणाले, "शाबास." फळा स्वच्छ पुसला. घरी अक्का म्हणाली, "हात धुवा की, खडू लागलाय." दाजी म्हणाले, "थोड्या वेळानं धुतो."

आता पुढचे लिहायचे आहे, आणि मी दोन दिवस या कागदापुढे नुसता बसलो.

जानेवारीत आमच्या शाळेची चाचणी परीक्षा झाली. मी उताऱ्याची उत्तरे दाजींच्या पद्धतीने लिहिली होती. इंग्रजीच्या सरांनी माझा पेपर वर्गात वाचून दाखवला. मुकुटवाले गृहस्थ आले आणि वर्ग बाके बडवू लागला. सर भले होते. हसू आवरून त्यांनी मला नंतर बोलावले. म्हणाले, "अरे, उताऱ्यातले शब्द खुशाल घ्यायचे. वाक्येच्या वाक्ये उचलायची नाहीत, एवढाच त्या सूचनेचा अर्थ. परीक्षक काय नवी भाषा मागतो? तुला हे शिकवलं कोणी?"

मी म्हणालो, "कोणी नाही, सर. माझं मीच."

हे मी दाजींची अब्रू राखायला म्हणालो, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. ते खरे नाही. मला त्यांची लाज वाटली होती. आणि घरी परत जाताना दुसरेच काही वाटले, ते याहून वाईट. तीन वर्षे त्या घरात माझे प्रत्येक वाक्य लाल पेन्सिलीखालून गेले होते. जे मला येई ते दाजींना आधीच येत असे. आता प्रथमच एक गोष्ट मला ठाऊक होती आणि त्यांना नव्हती. मला ती लगेच द्यावीशी वाटेना. उद्या सांगू म्हटले. दुसऱ्या दिवशी दाजी शेजाऱ्याला सांगत होते की आमचा पाहुणा यंदा नंबर काढणार. म्हटले, आत्ता नको. पेपर मी ट्रंकेत तळाशी घातला. दाजींनी विचारले, "चाचणीचे पेपर दिले का रे?" मी म्हटले, "अजून नाही." पुढचे दोन महिने शाळेत मी सरांच्या पद्धतीने लिहीत होतो आणि घरी दाजींच्या, आणि दाजी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "आता तुझा घोडा तू आणतोस हां!"

आमचा नंबर पुण्याला लागला. सकाळच्या गाडीने दोघे निघालो. मी ठरवले होते, मोहोळ आले की सांगायचे. मोहोळला दाजींनी अक्काने दिलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी सोडली. खाताना कसे सांगायचे? माढा गेले. कुर्डूवाडीला गाडी बराच वेळ उभी राहते. मी म्हणालो, "दाजी, एक सांगायचं होतं."

"आधी ती समोरची पाटी वाच. प्रश्न काढ."

मी प्रश्न काढले. उत्तरे दिली. केम, जेऊर गेले. दौंडला त्यांनी आपण होऊन विचारले, "काय रे, काय सांगत होतास?"

मी त्यांच्याकडे पाहिले. ते इतके आनंदात होते! सदऱ्याची गुंडी सोलापूरपासून लावलेलीच होती. मी म्हणालो, "काही नाही. पाणी आणू का?"

परीक्षेच्या मंडपात ते माझ्या पुढे दोन बाके सोडून होते. उतारा एका दीपगृहाच्या रखवालदारावर होता. दिवा, वादळ, जहाज, खडक, शब्द सगळे समोर मांडून ठेवलेले. मी ते उचलले आणि पाऊण तासात मोकळा झालो. मान वर केली तर दाजी छताकडे पाहत होते. लेखणी हवेत. दीपगृहाला आपला शब्द कोणता आणावा, हे शोधत होते. मी त्यांच्या पाठीकडे पाहत बसलो. घंटा झाली तेव्हा ते लिहीतच होते. पर्यवेक्षकाने कागद हातातून ओढून घेतला. बाहेर आले ते घामाने डबडबलेले, पण चेहरा असा की देवळातून बाहेर पडलेल्या माणसाचा असावा. "चारच झाले," म्हणाले. "पण काय झाले म्हणतोस! त्यांचा एक शब्द घेतला नाही. एक नाही!"

निकाल जूनमध्ये वाचनालयातल्या वर्तमानपत्रात आला. दाजींनी माझा नंबर आधी शोधला. सापडला तेव्हा त्यांनी मला, अठरा वर्षांच्या घोड्याला, कमरेत धरून उचलले आणि वाचनालयात ओरडू नये ही पाटी पाठ असलेला तो माणूस वाचनालयात ओरडला. स्वतःचा नंबर पाहायचे त्यांच्या ध्यानातच राहिले नाही. पाहणाऱ्या दुसऱ्या कोणी तरी तो नाही असे सांगितले. दाजी म्हणाले, "असू दे." त्यांनी फाटकावर पेढे वाटले. काशिनाथालाही दिला, तो त्या दिवशी हजर होता.

आठ दिवसांनी हेडमास्तरांचे बोलावणे आले. दाजींना नव्हे, मला. निरोप मात्र दाजींनीच आणला. "वर्ग रिकामा राहायला नको म्हणतात. तू हो म्हण." मी म्हणालो, "दाजी, ती जागा तुमची." ते म्हणाले, "मुलं बसलेली आहेत रे बाकांवर. जागा कुणाची ते नंतर." मी तेव्हा तरी सांगायला हवे होते. मी हो म्हणालो. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत दाजी माझ्याबरोबर आले, माझी टोपी नीट केली आणि गिरणीच्या पाळीला उशीर होईल म्हणून पळत गेले.

त्या वर्गावर मी आता अठरा वर्षे आहे. दर वर्षी मुलांना सांगतो, उताऱ्यातले शब्द खुशाल घ्या. दर वर्षी हे सांगताना मी खिडकीबाहेर पाहतो. दाजींनी पुन्हा कधी फॉर्म भरला नाही. हजेरीपट सांभाळीत राहिले, तारा वाचीत राहिले, आणि मी वेगळे बिऱ्हाड केल्यावर भेटलो की विचारीत, "आज कोणता उतारा घेतलास?" मी सांगे. ते डोळे मिटून ऐकत, आणि उताऱ्यातल्या माणसाची पुढे चौकशी करीत.

गेल्या श्रावणात गिरणीने त्यांना निवृत्त केले. त्यानंतरच्या रविवारी मी गेलो तर दाजींपुढे एक कागद होता. मॅट्रिकचा फॉर्म. "आता वेळच वेळ आहे," म्हणाले, "बसावं म्हणतो. हेडमास्तरांची सही तू आणून दे." त्यांचे केस पांढरे झाले होते, पण पेन्सिल कानावर होती. पुन्हा सहा महिने ते शब्दांच्या वह्या काढणार, पुन्हा ते पुण्याला जाणार, पुन्हा पर्यवेक्षक कागद ओढणार. मला ते सोसवेना. मी सगळे सांगितले. चाचणीचा पेपर, सरांचे बोलणे, ट्रंक, मोहोळ, कुर्डूवाडी, दौंड. एकही स्टेशन गाळले नाही.

आत अक्का भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

दाजींनी कानावरची पेन्सिल काढून खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे तेवढ्यानं झालो असतो?"

"झाला असता, दाजी. त्याच वर्षी. सहाच्या सहा प्रश्न लिहिले असते तुम्ही."

"आणि पाचवीचा वर्ग."

"हो."

त्यांनी फॉर्मची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्यांची बोटे मी पाहत होतो, चेहऱ्याकडे पाहवेना. अखेर म्हणाले, "नसतं ऐकलं मी तुझं. दौंडला सांगितलं असतंस तरी. म्हटलं असतं, पोराला काय कळतंय." आणि हसले. ते खरे होते, की मला उठून घरी जाता यावे म्हणून बोललेले होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही. दाजी खोटे बोलल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

अक्काने पाने घेतली. मला वाढले, त्यांना वाढले. इतक्या वर्षांत त्या घरात माझे पान कधी रिकामे राहिले नव्हते. मी नको म्हणत असे आणि भाकरी पडत असे. त्या दिवशी माझी भाकरी संपली आणि अक्का चुलीकडे तोंड करून बसून राहिली. मी पानावरच्या चटणीत बोट फिरवीत राहिलो. चूल धुमसत होती. दाजी खाली मान घालून जेवत होते.

मग दाजी मान वर न करता म्हणाले, "अगं, त्याला वाढ की."

अक्का जरा वेळ तशीच बसली. मग तव्यावरची भाकरी तिने उचलली, दोन हातांनी मोडली आणि माझ्या पानात टाकली. म्हणाली, "खा. गार हुईल."